पंच्याण्णव वर्षांचा विमानतळ

नांदेडात कुणी रिक्षावाल्याला ‘विमानतळ’ म्हणालं, की तो आधी विचारतो, “ठाणं का खरं विमानतळ?” कारण आमच्या गावात विमानतळ पोलीस ठाणं नावाचं एक पोलीस ठाणं आहे आणि तिथं जाणाऱ्यांची संख्या विमानानं जाणाऱ्यांपेक्षा कायमच जास्त राहिली आहे. आम्ही लहानपणापासून हा शब्द एखाद्या चौकाच्या नावासारखा वापरत आलो. शिवाजी पुतळा, वजिराबाद, विमानतळ. तिथून विमान उडतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

२००८ साली मात्र ते उडायला लागलं. त्या वर्षी गुरुता गद्दीची ३०० वर्षं होती, जगभरातून लोक हजूर साहिबला येणार होते, म्हणून शहराचे रस्ते रुंद झाले, पूल झाले आणि जुन्या धावपट्टीच्या जागी २३०० मीटरची धावपट्टी झाली. नवी इमारत झाली, गुरु गोबिंदसिंगजींचं नाव मिळालं. मी तेव्हा आठवीत होतो. किंगफिशरचं लाल शेपटाचं छोटं विमान मुंबईहून यायचं, ते बघायला आम्ही सायकली घेऊन सांगवीच्या बाजूला कुंपणापाशी जायचो. विमान उतरून थांबलं की मोजायचो, किती माणसं उतरली. मोजायला फार वेळ लागायचा नाही. थोड्या काळानं तेही यायचं थांबलं, आणि मग ती कंपनीच बंद पडली.

हे सगळं आठवायचं कारण २०२३. मी तेव्हा गुरुग्रामला नोकरी करत होतो. दिवाळीच्या आधी एका रात्री घरून फोन आला, आत्याचं काही खरं नाही, निघ. मी फोनवर तिकिटाचं अ‍ॅप उघडलं आणि ‘नांदे’ एवढं टाइप करताच त्यानं स्वतःहून पुढचं पूर्ण केलं: नांदेड, एनडीसी. प्रत्येक विमानतळाला असा तीन अक्षरांचा कोड असतो. लातूरचासुद्धा आहे, एलटीयू. कोड होता, शहराचं नाव होतं, तारीख निवडता येत होती. विमान एकही नव्हतं. मी हैदराबादला उतरलो आणि तिथून संगारेड्डी, देगलूर, नरसी करत गाडीनं पाच-सहा तासांनी घरी पोचलो. आत्या पहाटेच गेली होती. थेट विमान असतं तर भेट झाली असती असं मी म्हणत नाही, विमान सकाळी निघालं असतं. पण दहाव्या दिवसापर्यंत घरात नुसतं बसून राहायचं असतं, आणि त्या दिवसांत मी एकच गोष्ट शोधत बसलो: २३०० मीटरची धावपट्टी असलेला हा विमानतळ नक्की आहे कोणाचा?

उत्तर सापडलं ते असं. नांदेड, लातूर, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ महाराष्ट्र सरकारनं एमआयडीसीमार्फत २००९ साली एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिले. कंपनी अनिल अंबानी समूहाची, नाव रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स. रक्कम ६३ कोटी रुपये, पाचही मिळून. मुदत ९५ वर्षं.

पंच्याण्णव. म्हणजे २१०४ पर्यंत. माझी भाची आत्ता चार वर्षांची आहे. तिची नात कॉलेजला जायला लागेल तेव्हा कुठं हा करार संपला असता.

आता थोडं मागं जावं लागेल, कारण या कंपनीची गोष्ट नांदेडात सुरू होत नाही. ती सुरू होते मुंबई आणि दिल्लीत.

भारतात विमानतळ म्हणजे सरकारचाच, असं दीर्घकाळ होतं. आमच्या भागात तर त्याच्याही आधी निजामाचं सरकार होतं, आणि १९४० च्या दशकात त्या सरकारची टाटांबरोबर मिळून डेक्कन एअरवेज नावाची स्वतःची विमान कंपनी होती. ती बेगमपेटहून उडायची. १९५३ ला सगळ्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात तीही गेली. १९९५ साली देशातले बहुतेक नागरी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण या एका संस्थेखाली आले. पहिला वेगळा प्रयोग कोचीनचा. १९९९ साली तिथं अनिवासी मल्याळी लोकांच्या भागभांडवलातून विमानतळ उभा राहिला. मग कायदा बदलला आणि सरकारनं सर्वांत कमावते दोन विमानतळ, दिल्ली आणि मुंबई, खासगी कंपन्यांना चालवायला द्यायचं ठरवलं.

या दोन विमानतळांसाठी जी लढाई झाली ती वाचण्यासारखी आहे. तांत्रिक तपासणीच्या पहिल्या फेरीत दोनच गट पात्र ठरले होते, जीएमआरचा आणि रिलायन्सचा. म्हणजे दोन विमानतळ, दोन दावेदार. मग तपासणीबद्दल आक्षेप आले, दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली, गुण पुन्हा मोजले गेले आणि रिलायन्स निकषाच्या खाली गेली. दिल्लीसाठी सर्वांत मोठी बोली रिलायन्सचीच होती: एकूण महसुलातला ४५.९९ टक्के वाटा सरकारी प्राधिकरणाला द्यायची तयारी. जीएमआरला सांगितलं गेलं, एवढाच वाटा देणार असाल तर विमानतळ तुमचा. त्यांनी हो म्हटलं. मुंबई जीव्हीकेच्या गटाला गेली, ३८.७ टक्क्यांवर. रिलायन्स कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरली. त्या निकालपत्राच्या वर जे नाव आहे तेच नाव आमच्या नांदेडच्या करारावर आहे. रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स.

म्हणजे जिला मुंबई मिळाली नाही, तिला तीन वर्षांनी नांदेड, लातूर मिळालं.

यात कुणी हसावं असं काही नाही. त्या वेळी लहान शहरांत विमानं धावणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. डिसेंबर २००८ पर्यंत मुख्यमंत्री लातूरचे विलासराव देशमुख होते, त्यांच्यानंतर नांदेडचे अशोक चव्हाण आले. दोन्ही शहरांना आपण आता पुण्या-नाशिकाच्या रांगेत बसलो असं वाटायला जागा होती. पण मुंबईच्या करारात आणि आमच्या करारात जो फरक आहे, तो नीट बघायला हवा. माझ्या मते सगळी गोष्ट तिथंच आहे.

मुंबईत काय झालं? विमानतळ ‘विकला’ गेला नाही. मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड नावाची एक कंपनी झाली. तिच्यात ७४ टक्के खासगी गटाचे, २६ टक्के सरकारी प्राधिकरणाचे. जमीन प्राधिकरणाचीच. मुदत ३० वर्षं, पुढं आणखी ३० वाढवता येतील. आणि कंपनी जे काही मिळवेल, विमान उतरवण्याचं भाडं असो, पार्किंग असो की तुम्ही तिथं घेतलेला महागडा वडापाव, त्या महसुलातले शंभरातले ३८.७० रुपये प्राधिकरणाला. नफ्यातून नाही, महसुलातून. कंपनी तोट्यात असली तरी हे द्यावेच लागतात. प्रवासी वाढले की सरकारचाही वाटा वाढतो. शिवाय मोठ्या विमानतळांचे दर ठरवायला २००८ च्या कायद्यानं एक वेगळं नियामक प्राधिकरण बसवलं.

२०१७ मध्ये नवी मुंबईची बोलीही याच मुंबईच्या कंपनीनं जिंकली. तिथं वाटा १२.६० टक्के, आणि २६ टक्के भागीदार सिडको. २०२१ च्या जुलैत जीव्हीकेच्या हातून मुंबईची कंपनी अदानी समूहाकडे गेली, आणि तिच्याबरोबर नवी मुंबईही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईचं उद्घाटन झालं. आज या महानगराचे दोन्ही मोठे विमानतळ एकाच समूहाच्या ताब्यात आहेत. एका शहराचे दोन दरवाजे आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, हे चांगलं की वाईट यावर वाद घालता येईल, घालायलाच हवा. पण एक कबूल करावं लागेल: तिथं सरकार टेबलाच्या पलीकडं अजून खुर्ची टाकून बसलेलं आहे. त्याला दर महिन्याला आकडे बघावेच लागतात, कारण त्याचे पैसे त्या आकड्यांत आहेत.

आणि आमच्याकडं? ६३ कोटी एकदा घेतले. मी एकदा वहीवर भागाकार केला. पाच विमानतळ, ९५ वर्षं: एका विमानतळाचं वर्षाला साधारण १३ लाख २६ हजार, महिन्याला १ लाख १० हजार, दिवसाला ३,६०० च्या आसपास. एका विमानाच्या तिकिटाएवढं. हा भागाकार थोडा अन्यायाचा आहे, हे मीच सांगतो. पैसे आधी मिळाले होते, ६३ कोटी ८ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पाच कोटींवर व्याज येतं. तरीही मला आकडा खटकत नाही, पद्धत खटकते. एकदा पैसे घेतले की विमानं दहा येवोत की शून्य, सरकारच्या खिशाला त्याचा फरक पडत नाही.

९५ हा आकडा कुठून आला असेल, याचा मी बराच विचार केला. मग लातूरला मामेभावाकडं गेलो असताना तो सहज बोलला. त्याच्या वडिलांचा एमआयडीसीत डाळीचा छोटा कारखाना आहे. “अरे, आपला प्लॉट पण पंच्याण्णवच वर्षांचाय की.” एमआयडीसीचे प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतात, हे राज्यातल्या कुठल्याही कारखानदाराला माहीत असतं. विमानतळ एमआयडीसीच्या ताब्यात होते. मला वाटतं, विमानतळ प्लॉटसारखा दिला गेला. तीच पद्धत, तीच वर्षं.

पण डाळमिल बंद पडली तर तिच्या मालकाचं आणि कामगारांचं नुकसान होतं, शेजारचा डाळमिलवाला आपली चालवत राहतो. विमानतळाला शेजारी नसतो. तो एकच असतो. तो पडून राहिला तर अख्खा जिल्हा पडून राहतो.

आणि विमानतळ रिकामा ठेवायलाही पैसे लागतात. विमान येवो न येवो, अग्निशमनाची गाडी आणि माणसं तयार लागतात. धावपट्टीवर गवत, भेगा, कुत्री चालत नाहीत. कुंपण, दिवे, सुरक्षा, सगळं नियमाप्रमाणं असेल तरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवाना देतं. मुंबईत हा खर्च कोट्यवधी प्रवाशांत वाटला जातो. नांदेडात दिवसाला एक छोटं विमान आलं तर तो सत्तर माणसांत वाटायचा. कुठल्याही कंपनीला हे गणित जड आहे, हेही मान्य करायला हवं.

मग ‘उडान’ आली. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्याहून या योजनेतल्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसला पाहिजे, हे त्याच दिवशीचं बोलणं. योजना सोपी होती: तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं २,५०० च्या आत ठेवा, तोटा येईल तो सरकार भरून देईल, बहुतेक केंद्र आणि काही राज्य. तीन वर्षं. ट्रूजेटचं विमान हैदराबादला जायला लागलं, मग मुंबईलाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एअर इंडियाचं थेट अमृतसर सुरू झालं, आणि ते भरून जायचं. ज्या गावाला सचखंड एक्स्प्रेसनं दीड दिवस लागतो तिथं दोन-अडीच तासांत. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर ट्रॉली बॅगा ओढणारी माणसं दिसायला लागली. माझ्या वडिलांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास तेव्हा केला, हैदराबादपर्यंत. डोळे तपासायला. परत आले ते देवगिरीनं, कारण म्हणे “विमानात खिडकी उघडत नाही”.

तीन वर्षं संपता संपता कोरोना आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली ती थांबलीच.

लातूरच्या वाट्याला एवढंही आलं नाही. चिंचोलीराववाडीजवळची ती धावपट्टी १९९१ ची. हे ते शहर आहे जिथं राज्यभरातली पोरं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या क्लाससाठी येतात, आणि जिथं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याची गाडी आली, पोरांच्या बस आल्या. विमान आलं ते बहुतेक करून पुढाऱ्यांचं.

मार्च २०२३ मध्ये हा विषय विधानसभेत निघाला. नांदेड, लातूरच्या विमानतळांची दुरवस्था, कंपनीनं न भरलेली देणी, बंद सेवा. उपमुख्यमंत्री फडणवीसांनी सांगितलं, की कायदेशीर सल्ला घेऊन हे विमानतळ परत ताब्यात घेऊ. चौदा वर्षांत ९५ वर्षांचा करार इथवर आला होता. आणि त्या चौदा वर्षांत नेमकी कोणाची चूक, हे शोधू लागलात तर माझ्यासारखेच दमाल. जमीन एमआयडीसीची. धावपट्टी आणि इमारत कंपनीकडं. परवाना डीजीसीएचा. विमान कुठलं आणायचं ते विमान कंपनीच्या मर्जीवर. तोटा भरून द्यायचा केंद्र आणि राज्यानं. प्रत्येकजण खरं बोलतो आणि दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मुंबईच्या एका करारात जे सगळं बांधून ठेवलंय, ते आमच्याकडं सुटं पडलेलं होतं.

मोठ्या शहरांचे करार मात्र किती घट्ट बांधलेले असतात, हे बिदरला विचारा. उदगीरहून बिदर हाकेच्या अंतरावर. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ २००८ साली जीएमआरनं बांधला तेव्हा करारात अट होती, की १५० किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ होणार नाही. म्हणून बेगमपेट बंद झालं. पण बिदरही त्या वर्तुळात येतं. तिथं हवाई दलाची धावपट्टी होती, टर्मिनल बांधून झालं, आणि तरी कितीतरी वर्षं विमान नाही, कारण दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीची संमती लागत होती. ती मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बिदरहून पहिलं विमान बंगळुरूला गेलं. कागदावरचं एक वर्तुळ, आणि त्याच्या आतलं अख्खं शहर थांबलेलं.

हे वर्तुळ पुढं मलाही भेटलं. ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरनं नांदेडहून विमानं सुरू केली. बंगळुरू, हैदराबाद, जालंधरजवळचं आदमपूर आणि ‘दिल्ली’. ७६ जागांचं छान विमान. पण ही दिल्ली म्हणजे इंदिरा गांधी विमानतळ नाही, यमुनेपलीकडचं, गाझियाबादजवळचं हवाई दलाचं हिंडन. गुरुग्रामहून तिथं पोचायला मला दोन तास लागले. तरी मी एवढा खूश होतो, की आईला टॅक्सीतूनच फोटो पाठवत होतो. पुढच्याच वर्षी दिल्लीचा विमानतळ चालवणारी कंपनी हिंडनहून प्रवासी विमानं सुरू ठेवण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आमच्या घराजवळ यायला हिंडन आणि नांदेड अशा दोन धावपट्ट्या लागतात, आणि दोन्हींवर कुणाच्या ना कुणाच्या कराराची सावली.

परवा लातूरला गेलो तेव्हा मामेभावाच्या गाडीवरून विमानतळापर्यंत गेलो. संध्याकाळची वेळ, फाटकापाशी दोन शेळ्या, रस्त्याच्या कडेला सोयाबीन. फाटक बंद होतं. आतून एक वयस्कर पहारेकरी हळूहळू चालत आला. आम्ही नुसतंच बघायला आलोय म्हटल्यावर त्यानं हरकत घेतली नाही. आमच्या शेजारी उभा राहून तोही आत बघायला लागला. धावपट्टी सरळ, रिकामी, लांबवर गेलेली. तो म्हणाला, रोज एक चक्कर मारतो, कुणी जनावर आत शिरलं का बघतो. मग माझ्याकडं, माझ्या पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडं बघून त्यानं विचारलं,

“सायेब, तुम्ही तिकडलेच दिसता. इमान कवा सुरू व्हायलंय, कळलं का काही?”